कसाबाजवळची वही

१

डिलाईल रोडच्या नाक्यावर उस्मानभाईंच्या मटणाच्या दुकानासमोर बुधवारी संध्याकाळी शे-दीडशे माणूस जमलं होतं, आणि त्यातल्या एकालाही मटण नको होतं.

मैदानावरची संयुक्त महाराष्ट्राची सभा नुकतीच सुटली होती. 'झालाच पाहिजे' म्हणून म्हणून घसे तापले होते, हातांत झेंडे होतेच. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गमऱ्यांच्या रामदासची वही कसाबानं दाबलीय!" झालं. मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, वही मात्र आत्ताच्या आत्ता मिळाली पाहिजे, असं सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"कसाबाला बाहेर काढा!"

"धरा त्याला!"

मॉड परेरा छत्रीच्या टोकाने वाट काढत पुढे आली. मे महिन्याच्या उन्हासाठी घेतलेली ती छत्री गर्दीत जास्त उपयोगी पडे. बाई पन्नाशीची, गिरगावातल्या ख्रिश्चन वाडीत वाढलेली, वीस वर्षं नर्स म्हणून राबलेली. आता खलाशी कल्याण केंद्राची कार्यकर्ती होती. समुद्रावर गेलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचे अर्ज लिहायचे, इस्पितळात खेटे घालायचे, हे तिचं काम; आत्ताही ती रामदासच्याच घरी निघाली होती. तिला आभार मानलेले आवडत नसत आणि आरडाओरडा त्याहून नसे.

"काय तमाशा आहे हा?" तिने विचारलं.

उस्मानभाई सुरा खाली ठेवून दोन्ही हात वर करून उभे होते. "बाई, तुम्हीच सांगा यांना! कसली वही? मी शाळेची पायरी चढलो नाही, वही घेऊन करू काय? मटण बांधू?"

"रामदासनं घरी धाडलेल्या पत्रात साफ लिहिलंय," गर्दीतून एक तरुण म्हणाला. "रामदासची नल्ली खराब केली, असंपण लिहिलंय!"

"नल्ली खराब?" उस्मानभाईंचा आवाज चढला. "या अल्ला! सुबह का ताजा माल है! किसकी नल्ली खराब निकली, सामने आ जाव!"

मॉडला हसू आवरेना. "अरे शहाण्यांनो, नल्ली म्हणजे मटणातली नव्हे. खलाशाचं कामाचं पुस्तक असतं, त्याला ते नल्ली म्हणतात. कुठल्या जहाजावर होता, कसा वागला, सगळं त्यात लिहितात. त्यात वाईट शेरा पडला की पुन्हा जहाज मिळत नाही. जा आपापल्या घरी. बायका जेवायच्या थांबल्या असतील."

लोक हसले, ओशाळले आणि पांगले. बाईने गर्दी जिंकली खरी, पण चूकही तिथेच केली. पत्रातला एक शब्द तिला कळला होता, म्हणून बाकीचे सगळे कळलेच असं ती धरून चालली.

दुकानाची फळी लावता लावता उस्मानभाई हळूच म्हणाले, "बाई, एक बात. या वहीबद्दल विचारणारे हे पहिले नाहीत. काल एक टोपीवाला बाबू येऊन हेच विचारून गेला. म्हणाला, वही मला दे, कुणाला सांगू नको."

२

रामदासची बायको कौसल्या गमरे उस्मानभाईंच्या दुकानासमोरच्याच चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर राहत होती. खोली दहा बाय बारा, पण लख्ख. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार.

"बाई, चूक माझी झाली," ती म्हणाली. "मी नुसतं उस्मानभाईंना विचारलं होतं. बकुळानं ते नळावर सांगितलं, आणि नळावरचं नाक्यावर जायला कितीसा वेळ?"

शेजारची बकुळा दारातच उभी होती. चौथी पास असल्यामुळे माळ्यावरची सगळी पत्रं तीच वाचून दाखवी. "मी जे लिहिलंय तेच वाचलं हो," ती फणकारली.

मॉडने पत्र घेतलं. अक्षर थरथरतं होतं.

'कौसल्या हिस जयभीम. मी एडनच्या इस्पितळात आहे. भट्टीपुढे चक्कर येऊन पडलो. भंडाऱ्याने उचलून वर आणलं आणि दोन दिवस पेज पाजली. सेकंड साहेबाने दारूचा आळ घालून माझी नल्ली खराब केली. तू घाबरू नकोस. मी रोजची वही लिहिली आहे, तीत सगळं आहे. वही कसाबाजवळ ठेवली आहे. माणूस भरवशाचा आहे. चौकशीत ती दाखव.'

रामदास पंधरा वर्षं गिरणीच्या बॉयलर खात्यात होता. खातं बंद पडल्यावर भट्टीत कोळसा घालणारा आगवाला म्हणून 'जलप्रभा' या जुन्या, कोळशावर चालणाऱ्या जहाजावर चढला. पहिलीच फेरी. बसरा करून एडनच्या वाटेवर तो कोसळला, एडनला त्याला उतरवलं, आणि जहाज त्याच्याशिवाय मंगळवारी मुंबईला लागलं. त्या शेऱ्याची चौकशी शुक्रवारी होती. मॉडने एडनला तार केली होती. उत्तर आलं, 'ताप पुन्हा चढला आहे, रुग्ण बोलू शकत नाही.'

"कौसल्या, चौकशीत शेरा कायम राहिला तर—"

"नोकरीचं सोडा बाई, हात आहेत आमचे." कौसल्येचा आवाज पहिल्यांदाच कापला. "डिसेंबरात दीक्षा घेतली आम्ही. पंचशील घेतलं. आधी तो पीत होता, खोटं का बोलू? पण त्या दिवसानंतर थेंब नाही. आता चाळीत मान हलवतात, म्हणतात, पाण्यावर गेला आणि शील बुडवून आला. तो परत आला, तर त्यानं या जिन्यावरून कसं चढायचं?"

मॉडने नजर फिरवली. दाराशी झावळीच्या पात्यांची एक छोटी करंडी होती. आत चेपून भरलेला काळाभोर, चिकट खजूर.

"हा कुठला?"

"कुणी ठेवलाय कळत नाही. खाली गोंधळ चालू होता तेव्हा आला. मला वाटलं, शेजाऱ्यांनी दिला असेल."

"हा इथल्या बाजारातला नाही. हा बसऱ्याकडचा," मॉड म्हणाली.

बकुळाने जीभ चावली. "अगं बाई! तो माणूस! दाढीवाला, शर्टावर रंगाचे डाग. मला विचारलं, गमऱ्यांची खोली कुठली? मी म्हटलं, थांबा जरा, खाली कसाबाला धरलाय, त्याचा निकाल लागू दे, मग दाखवते. मी कठड्यावरून वाकून बघत होते. वळले, तर हा जिन्यावरून असा पळाला, की चपलेचा एक पाय इथेच!"

३

टोपीवाला बाबू शोधायला मॉडला लांब जावं लागलं नाही. चौकशीची नोटीस मंगळवारी चाळीत घेऊन आला होता हेरंब, कंपनीचा खलाशीखात्याचा कारकून, आणि तो राहत होता तिच्या वाडीच्या समोरच्या चाळीत. गुरुवारी सकाळी तिने त्याला दुधाच्या केंद्रावर, बाटल्या हातात असतानाच गाठलं. बाटल्या असल्या की माणूस पळू शकत नाही.

"हेरंब, मटण कधीपासून खायला लागलास?"

हेरंबचा चेहरा दुधाहून पांढरा झाला. "मॉडबाई, इथे नको."

"इथेच. नाहीतर तुझ्या आईसमोर."

"नोटीस द्यायला गेलो, तर त्या शेजारच्या बाईंनी मला हौसेनं पत्र वाचून दाखवलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी मूर्खासारखं ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, वही आधी आपल्या हाती आली पाहिजे, जा त्या खाटकाकडे. गेलो. त्याच्याकडे नव्हती. खरं सांगतो, ती नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. आता मला काहीही म्हणा."

"काही म्हणत नाही. सेकंड इंजिनिअरचा रिपोर्ट तुझ्या हातून टाइप झाला असेल. काय लिहिलंय त्यात?"

रिपोर्ट हेरंबला पाठ होता, कारण तो त्याला तीनदा टाइप करावा लागला होता. दुपारी तीन वाजता आगवाला गमरे नशेत भट्टीपुढे पडला. बोलणं बरळ, पाय लटपटत, तोंड लाल. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठाक.

"कोरडं?" मॉड थांबली. "भट्टीपुढे काम करणारा माणूस, आणि घामाचा टिपूस नाही?"

"असं लिहिलंय खरं."

"मग तुझ्या सेकंड साहेबाने नकळत खरं लिहिलंय. उष्म्याने माणसाचा घाम आटतो, अंग पेटतं, माणूस बरळतो. ही दारू नव्हे, हेरंब, हा मरणाचा दरवाजा आहे. असे चार जण माझ्यासमोर गेलेत."

तिला तेव्हा त्या चौघांची नावंसुद्धा आठवली आणि तिचा राग अनावर झाला. पण रागाने शेरा पुसला जात नाही. कंपनी म्हणणार, माणूस अशक्त होता, उन्हाळा होता. भट्टीपुढे काय चालत होतं हे फक्त त्या वहीत होतं.

"पत्रात भंडाऱ्याने उचलला म्हणून लिहिलंय. या भंडाऱ्याचा पत्ता दे."

"मीसुद्धा शोधला. जहाजावरच्या एकूण एक माणसाची यादी माझ्याकडे आहे," हेरंब म्हणाला. "त्यात भंडारी नावाचा माणूसच नाही. आणि साक्षीदार म्हणून रिपोर्टावर ज्याची सही आहे तो तुम्हाला काही सांगायचा नाही. सही खुद्द बुधाजी सारंगाची आहे. रामदासच्या पाळ्या लावणारा तोच."

४

बुधाजी सारंग, भट्टीवरच्या माणसांचा मुकादम, लालबागला मसाल्याच्या डंकासमोर राहत होता. मे महिना म्हणजे तिखटाचा हंगाम. बायकांच्या रांगा, मिरच्यांचे ढीग आणि डंकांची धडधड. घरात बसलं तरी शिंका येत.

बुधाजीने मॉडला मान दिला, पाटावर बसवलं, आणि ती बोलायला लागण्याआधीच त्याचे डोळे भरले.

"मिरचीचा पाणी आसा हां," तो म्हणाला.

"असेल. रामदास प्यायला होता?"

"सही केलंय मी."

"ते मी विचारलं नाही."

बुधाजीने दार लोटून घेतलं. डंक धडधडत राहिले. मग तो म्हणाला, "बाई, सही नाय केली तर पुढच्या फेरीक सारंग दुसरो. माझ्या पाठी नऊ तोंडा आसत. सेकंड साहेब बोललो, लिही. लिवलंय."

"भट्टीत काय झालं?"

"माका काय विचारू नकात. भंडाऱ्याक विचारा. त्यानेच उचलून वर आणल्यान, माझ्या आधी धावलो तो."

"हा भंडारी आहे तरी कोण? यादीत त्या नावाचा माणूस नाही."

"नाय कसो? सुलेमान तो."

"सुलेमान? आणि भंडारी?"

इतक्या दुःखातही बुधाजी हसला. "अहो बाई, ती जात नाय! जो रांधता तो भंडारी. जहाजावर नावाने कोण हाक मारता? मी सारंग. माझ्या हाताखाली टिंडल. रांधपी तो भंडारी. सुलेमान म्हणून हाक मारलास तर तो वळून पण बघूचो नाय."

मॉड पाटावरून उठली. तिच्या केंद्रात सगळे कागद इंग्रजीत येत. तिथे कुक होता, स्टोअरकीपर होता. खलाशी आपसात काय म्हणतात ते तिने कधी विचारलंच नव्हतं. नल्ली तेवढी कानावर पडलेली, म्हणून ती समजत होती. आणि रामदास! ज्या उस्मानभाईंना तो वर्षानुवर्षं नावाने हाक मारत आला, त्यांच्याबद्दल बायकोला लिहिताना तो 'कसाब' कशाला म्हणेल? अख्ख्या पत्रात त्याने एकाचंही नाव लिहिलं नव्हतं. सेकंड साहेब, भंडारी, कसाब. पहिले दोघे जहाजावरचे, तर तिसराच तेवढा डिलाईल रोडचा कसा?

"सारंग," तिने जपून विचारलं, "जहाजावर कसाब असतो?"

"असता तर. कोठी त्याच्याकडे. दिवे, रंग, दोर, चाव्या..." बोलता बोलता बुधाजी थबकला. त्याने मॉडकडे पाहिलं. त्याला काय ते कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिलाही कळलं. उद्याच्या चौकशीत तो कंपनीचा साक्षीदार होता. आत्ता उठून गोदीत गेला, सेकंड साहेबाच्या कानाला लागला, की वही बॉयलरात जाणार.

बुधाजीने उपरण्याने डोळे पुसले.

"काय बोललास, बाई? डंकाच्या आवाजात माका काय ऐकू येणा नाय."

५

हेरंबने यादी काढली, आणि कपाळावर हात मारून घेतला. इंग्रजीत टाइप केलेलं होतं: कॅसॅब, हसन परकार.

"पाच वर्षं मी हे टाइप करतोय, मॉडबाई. मला वाटायचं, हा काहीतरी विलायती हुद्दा आहे! म्हणजे वही कंपनीला सापडली नाही ती केवळ..."

"केवळ तू शिकलेला आहेस म्हणून. आता गोदीचा पास काढ."

या वेळी हेरंबने इकडेतिकडे पाहिलं नाही. पासावर स्वतःची सही केली.

'जलप्रभा' शनिवारी पुन्हा निघायची होती. बॉयलर पेटवलेले, धुराड्यातून धूर. पुढच्या बाजूला अंधाऱ्या कोठीत रंगाच्या डब्यांमध्ये एक दाढीवाला माणूस दिव्यांच्या वाती कातरत बसला होता. एका पायात जुनी चप्पल, दुसऱ्या पायात नवी.

"हसन परकार?" मॉड म्हणाली. "मी रामदास गमऱ्यांच्या घरून आले."

कात्री खाली पडली. "बाई, माझा कसूर काय?" बाणकोटकडचा तो साधा माणूस काकुळतीला आला. "दोस्ताची वही आणि खजूर पोचवायला गेलो. बसऱ्याला त्यानं बायकोसाठी घेतलेला. तर चाळीखाली शंभर माणूस, हातात काठ्या, आणि ओरडतायत काय, तर कसाबाला धरा, कसाबाला बाहेर काढा! मी म्हटलं, या रामदासनं माझ्याबद्दल घरी लिहिलंय तरी काय? खजूर ठेवला आणि पळालो. कालपासून घास गिळत नाही मला."

त्या काठ्या झेंड्यांच्या होत्या, आणि तो कसाब दुसराच होता, हे मॉडने समजावलं. हसनला ते पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा मात्र तो डबे वाजवून हसला. मॉडही हसली. हसता हसता तिला जाणवलं, की हा माणूस कालपासून मरणाच्या भीतीत राहिला तरी त्याने ती वही समुद्रात फेकून दिली नव्हती.

"मग वही दे मला."

हसनचं हसू थांबलं. "नाही बाई. तुम्ही भल्या आहात. पण त्याला एडनला उतरवताना त्यानं माझा हात धरून सांगितलंय, वही कौसल्येच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"मग उद्या चौकशीला ये. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर?" हसनने पडलेली कात्री उचलली. "माझं पण पुस्तक आहे, बाई. माझी पण नल्ली आहे."

तेवढ्यात दारात सावली पडली. पांढरा गणवेश, तोंडात चिरूट. सेकंड इंजिनिअर.

"कसाब," तो म्हणाला, "कसली वही?"

६

हसनने क्षणभरही न दवडता फळीवरून एक जाडजूड वही ओढली आणि अदबीने पुढे केली. "रंगाच्या डब्यांची, साहेब. बाईंना केंद्राच्या दाराला रंग लावायचाय, शिल्लक आहे का विचारतायत." साहेबाने दोन पानं चाळली, नाक मुरडलं आणि तो गेला. हसन मॉडकडे वळला. "येतो उद्या," तो म्हणाला.

शुक्रवारी अकरा वाजता चौकशी बसली ती जहाजावरच, वरच्या डेकवर ताडपत्रीखाली. सरकारी चौकशी अधिकारी हेमचंद्र दळवी सरळ माणूस म्हणून प्रसिद्ध होते. सरळ, म्हणजे कागदावर जे असेल तेवढंच खरं मानणारे. रिपोर्ट वाचला गेला. बुधाजी सारंग मान खाली घालून उभा होता. गमऱ्यांच्या बाजूने काही पुरावा आहे का, असं साहेबांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

हसन परकार पुढे आला. त्याने सदऱ्याच्या आतून तेलकट फडक्यात गुंडाळलेली वही काढली आणि साहेबांकडे न देता कौसल्येच्या हातात ठेवली. कौसल्येने ती कपाळाला लावली आणि मग टेबलावर ठेवली.

बावीस दिवस, रोजच्या पाळ्या, आणि प्रत्येक पाळीपुढे उष्णतेचे, फॅरनहाइटचे, दोन आकडे. गिरणीच्या बॉयलर खात्यात पंधरा वर्षं पारा टिपून ठेवायची सवय रामदासच्या हाताला होती. ती जहाजावरही सुटली नव्हती. एका आकड्यावर लिहिलं होतं 'दाराशी', दुसऱ्यावर 'भट्टीशी'. दाराशी एकशे चार, भट्टीशी एकशे छत्तीस. दाराशी एकशे सहा, भट्टीशी एकशे एकेचाळीस. मध्ये मध्ये एखादी ओळ: 'बसऱ्याहून डेकवर खजुराच्या करंड्या रचल्या, खाली हवा नेणाऱ्या दोन नळांची तोंडं ताडपत्रीखाली बंद. सांगितलं, कुणी ऐकत नाही.' 'दोघे आजारी, आजपासून दोन पाळ्या लागोपाठ.'

"असे आकडे घरी बसूनही लिहिता येतात," सेकंड इंजिनिअर म्हणाला.

"येतात," मॉड उभी राहिली. "म्हणून साहेब, तुमच्याजवळचं जहाजाचं लॉगबुक उघडा. त्यात प्रत्येक पाळीचा पारा असतो. तो दाराशी टांगलेला पारा. रामदासचा 'दाराशी'चा आकडा त्याच्याशी ताडून बघा."

दळवींनी ताडायला सुरुवात केली. एक पान. दुसरं. तिसऱ्या पानाला त्यांनी चष्मा पुसला. बावीसच्या बावीस दिवस आकडा जुळत होता.

"लॉगबुक इंग्रजीत, तेही एरवी सेकंड साहेबाच्या केबिनमध्ये कुलपात," मॉड म्हणाली. "आगवाल्याला ते दिसणं शक्य नाही. म्हणजे त्याने पारा रोज स्वतः वाचला. आता शेवटची ओळ बघा. तो पडला त्या दिवसाची. दुपारी पावणेतीन. अक्षर वाकडं आहे, पण आकडा लॉगबुकाशी जुळतो. तीन वाजता जो माणूस दारू पिऊन तर्र होता म्हणता, त्याने पाव तास आधी पारा अचूक वाचला?"

डेकवर कुजबुज झाली. सेकंड इंजिनिअरचा चिरूट विझला होता. "पहिला आकडा खरा असेल," तो घाईने म्हणाला. "पण भट्टीशी एकशे एकेचाळीस? माणूस टिकेल का तिथे?"

"मलाही तेच विचारायचं आहे," मॉड म्हणाली. "साहेब, बॉयलर पेटलेले आहेत. आज जहाज उभं आहे, भट्ट्या अर्ध्याच धगधगतायत, डेकवर करंड्या नाहीत, हवेचे नळ मोकळे आहेत. तुम्ही खाली जाऊन या. पारा दारावरून काढा आणि जिथे माणूस उभा राहतो तिथे धरा."

दळवींनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि ते लोखंडी शिडीने खाली उतरले. हेरंब घड्याळ बघत राहिला.

अकराव्या मिनिटाला ते वर आले. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, चेहरा शेंदरासारखा. ते खुर्चीपर्यंत पोचले नाहीत, शिडीच्या तोंडाशीच बसले. सुलेमान भंडारी पाण्याचा लोटा घेऊन धावला. सगळं पाणी प्यायल्यावर साहेबांनी भट्टीशी वाचलेला आकडा सांगितला. एकशे एकोणतीस.

"पाळी किती तासांची असते?" त्यांनी विचारलं. सेकंड इंजिनिअर विझलेल्या चिरुटासाठी काडेपेटी शोधू लागला.

"चार तासांची, साहेब." बुधाजी सारंगाने मान वर केली होती. त्याचे डोळे पुन्हा भरले होते, आणि इथे मिरची नव्हती. "त्या दिवशी आठ तासांची. मीच लावलेली, दुसरो माणूस नव्हतो म्हणून. तो सात तास उभो होतो साहेब, आणि पडलो तेव्हा तोंडाक दारूचो वास नव्हतो. मी खोटी सही केलंय. काय ती शिक्षा माका करा."

आगवाल्यांच्या घोळक्यातून एक जण पुढे येऊन सारंगाच्या शेजारी उभा राहिला. मग दुसरा. मग सगळेच.

दळवींनी तिथेच, शिडीच्या तोंडाशी बसल्या बसल्या, हुकूम सांगितला आणि हेरंबने लिहून घेतला. हवेचे सगळे नळ तपासून झाल्याशिवाय जहाज हलणार नाही. पारा यापुढे भट्टीशी टांगायचा. लागोपाठ दोन पाळ्या बंद. सेकंड इंजिनिअरची वेगळी चौकशी. सारंगाने खरं सांगितलं, याची नोंद घ्यावी. मग त्यांनी रामदास गमरेची नल्ली मागवली, 'नशेत' हा शेरा खोडला, त्याखाली चार ओळी लिहिल्या, सही केली आणि पुस्तक कौसल्येपुढे धरलं.

कौसल्येने ते घेतलं नाही. "वाचून दाखवा, साहेब."

दळवींनी वाचलं, "भट्टीपुढे कर्तव्यावर असताना उष्माघाताने आजारी. दारूचा आरोप निराधार. काम चोख. वर्तणूक उत्तम."

कौसल्या डेकच्या कठड्याकडे वळली. खाली धक्क्यावर डिलाईल रोडची चाळ लोटली होती. त्यात बकुळा होती, उस्मानभाई होते, परवा मान हलवणारे होते. चौकशीची बातमी नळावरून गोदीपर्यंत आलेली.

"तो घरी येईल, तेव्हा त्यानं मान वर करून जिना चढायला पाहिजे," ती म्हणाली. "साहेब, पुन्हा एकदा वाचा. इथे उभं राहून वाचा. त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."

दळवी उठले, ओल्या शर्टानिशी कठड्याशी गेले, आणि घसा खाकरून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.